फ्रान्सच्या कालव्यावर स्वतः बोट चालवत एक आठवडा: कनाल द्यू मिदीचा सगळा प्लॅन

फ्रान्समध्ये कसलंही बोटीचं लायसन्स नसताना तुम्हाला दहा-बारा मीटर लांबीची, बेडरूम, किचन, बाथरूम असलेली बोट आठवडाभरासाठी भाड्याने मिळते आणि ती तुम्ही स्वतः चालवायची असते, हे सांगितलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो की हे सेफ आहे का. आहे. कालव्यात लाटा नसतात, पाणी फार खोल नसतं, आणि स्पीड ताशी ६ ते ८ किलोमीटरच्या वर न्यायला परवानगीच नाही. बोट देणारी कंपनी अर्धा-एक तास शिकवते, तेवढ्या मुदतीपुरतं एक कार्ड हातात देते, आणि सुटायचं.

पण ही ट्रिप चांगली होणार की दमवणारी होणार हे ठरतं प्लॅनिंगवर, आणि तिथे बहुतेक जण एकाच गोष्टीत फसतात, ते नकाशावर किलोमीटर मोजतात. कालव्यावर किलोमीटर मोजायचे नसतात, लॉक मोजायची असतात (लॉक म्हणजे बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारी दोन दारांमधली पाण्याची खोली). पुढचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय.

आधी कालवा ठरवा

फ्रान्समध्ये बोटीने फिरण्यासारखे कालवे भरपूर आहेत. बुर्गोन्य भागातला कालवा खूप सुंदर आहे पण २४२ किलोमीटरमध्ये १८९ लॉक आहेत, म्हणजे दिवसभर दोरी हातातून सुटत नाही. अल्सेसमध्ये सावेर्नहून स्ट्रासबुर्गकडे जाणारा मार्ग छोट्या सुट्टीला छान. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी दक्षिणेचा कनाल द्यू मिदीच सुचवेन. हवा चांगली, गावं जवळजवळ, रेल्वे कालव्याला बरीचशी समांतर, आणि तो कालवा स्वतःच बघण्यासारखा आहे. १९९६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

तुलूझपासून समुद्रालगतच्या तो नावाच्या खाडीपर्यंत साधारण २४० किलोमीटर. पिएर-पॉल रिके नावाच्या बेझियेच्या माणसाने, जो खरं तर मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी होता, इंजिनियर नव्हता, त्याने चौदाव्या लुईच्या काळात हे काम अंगावर घेतलं. १६६६ मध्ये राजाचा हुकूम निघाला, १६८१ मध्ये कालवा सुरू झाला, आणि रिके त्याच्या काही महिने आधी, १६८० च्या ऑक्टोबरमध्ये गेला, त्याला कालवा सुरू झालेला बघायला मिळाला नाही. कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं होती, त्यात बायका भरपूर, आणि त्यांना महिन्याचा पगार होता, पाऊस पडून काम बंद राहिलं तरी मिळणारा. त्या काळात हे फार मोठं होतं.

त्याचं खरं डोकं पाण्यात दिसतं. कालवा दोन्ही बाजूंना उतरतो, मग मधल्या उंच जागी पाणी आणायचं कुठून? रिकेने मोंतान्य न्वार डोंगरातले ओढे अडवले, सेन-फेरेओलला मोठं धरण बांधलं आणि तिथून चर खणून पाणी नोरूझच्या खिंडीत आणलं, समुद्रसपाटीपासून १८९ मीटर उंचीवर. तिथून अर्धं पाणी अटलांटिककडे, अर्धं भूमध्य समुद्राकडे. हे तुम्हाला प्लॅनिंगसाठी माहीत पाहिजे, कारण नोरूझ हे कास्तेलनोदारीच्या थोडं पश्चिमेला आहे, म्हणजे कास्तेलनोदारीहून पूर्वेला जाताना प्रत्येक लॉक उतरतं. उतरणारं लॉक शांत असतं, चढणाऱ्या लॉकमध्ये पाणी उसळून बोट हलते आणि कुणाला तरी आधी काठावर उतरून वर पळावं लागतं. म्हणून पहिल्या वेळी पश्चिमेकडून पूर्वेकडे, एकेरी. एकेरीचे थोडे जास्त पैसे घेतात, द्या, वाचवायची जागा ही नाही.

कधी जायचं

बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर मिळतात, हिवाळ्यात कालवा दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. जुलै-ऑगस्टमध्ये कडक ऊन, लॉकसमोर रांगा आणि भाडं सगळ्यात जास्त. मे, जून आणि सप्टेंबर बेस्ट. आपल्याकडच्या मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत हे बरोबर बसतं, फक्त १ मेला लॉक बंद असतात हे लक्षात ठेवा, तो दिवस एखाद्या चांगल्या गावात काढायचा असं आधीच ठरवा.

झाडांबद्दल आधीच सांगतो. जुन्या फोटोत दोन्ही काठांवर प्लेन ट्रीची जी हिरवी कमान दिसते ना, ती आता सगळीकडे नाहीये. साधारण ४२ हजार झाडं होती, बरीचशी एकोणिसाव्या शतकात लावलेली. २००६ मध्ये एका बुरशीचा रोग सापडला, ज्यावर इलाज नाही, झाड तोडून जाळणं एवढंच, आणि तेव्हापासून हजारोंनी झाडं तोडली गेली. त्रेबपासून पुढे कित्येक ठिकाणी काठ उघडा आहे किंवा नवीन रोपं उभी आहेत. बघून वाईट वाटतं. आणि याचा प्रॅक्टिकल अर्थ असा की वरच्या डेकवर कापडी छत असलेलीच बोट घ्या, टोप्या घ्या, सनस्क्रीन घ्या, सावली मिळेल असं धरून चालू नका.

दिवसाचा हिशोब

हे एकदा समजलं की सगळं सोपं. बोट सरासरी ताशी सहा किलोमीटर धरायची. प्रत्येक लॉकच्या खोलीला, म्हणजे एका पायरीला, थांबण्यासकट पंधरा मिनिटं धरायची. एकाच जागी दोन, तीन, चार पायऱ्या असतात त्या वेगवेगळ्या मोजायच्या. उदाहरणार्थ कास्तेलनोदारी ते कार्कासॉन फक्त ४० किलोमीटर, गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचं काम. पण पायऱ्या आहेत २५ च्या आसपास. सहा-पावणेसात तास चालणं आणि सहा-सव्वासहा तास लॉक, झाले तेरा तास. त्यात लॉक सकाळी नऊच्या सुमारास उघडतात, दुपारी साडेबारा ते दीड जेवणासाठी बंद, आणि संध्याकाळी सिझननुसार सहा-सातला बंद. म्हणजे एवढ्या अंतराला कमीत कमी दोन पूर्ण दिवस. दिवसाला चार ते पाच तासांपेक्षा जास्त चालवू नका असं मी कळकळीने सांगेन, कारण गावात उतरून फिरायलाच तर आलोय.

जेवणाच्या सुट्टीशी भांडायचं नाही. बारा वाजले की लॉकच्या अलीकडे काठाला बोट बांधा, भात लावा, खा, दीडला आपण रांगेत पहिले.

माझा सुचवलेला मार्ग आणि बोट

एका आठवड्यासाठी त्रेब ते पोर्ट कासाफिएर, १०० किलोमीटरच्या थोडंसं वर. कास्तेलनोदारीहूनही एका आठवड्यात करतात लोक, पण दीडशेच्या वर किलोमीटर आणि सुरुवातीचे दोन दिवस लॉकच लॉक, गावं नुसती काठावरून बघायची. त्यापेक्षा बोट घ्यायच्या आधी ट्रेनने कार्कासॉनला जा, तिथे एक रात्र हॉटेलात राहा, मग त्रेब तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

या पट्ट्यात बोटी भाड्याने देणाऱ्या कंपन्यांपैकी ल बोटचे बेस त्रेब, ओंप्स आणि पोर्ट कासाफिएरला आहेत, लोकाबोटचा आर्जांला, निकोल्सचा ल सोमायला. तिघांचे रेट, बोटींची वयं आणि एकेरी मार्गाच्या अटी शेजारी ठेवून बघा. भाड्याशिवाय काय काय लागतं ते नीट वाचा: डिझेल (बहुतेक इंजिन किती तास चाललं त्यावर), डिपॉझिट किंवा त्याऐवजी न परत मिळणारी डॅमेजची रक्कम, शेवटची साफसफाई, सायकली, पार्किंग. जाहिरातीतला आकडा आणि शेवटचा आकडा यात बराच फरक पडतो.

बोट निवडताना चार माणसांना सहाची बोट घ्या, ऐसपैस होतं. पण उगाच सगळ्यात उंच आणि लांब घेऊ नका. कापेस्तांच्या जुन्या पुलाची कमान इतकी बुटकी आहे की मोठ्या बोटी तिथून जातच नाहीत, तेव्हा बुकिंगच्या वेळीच विचारा की ही बोट कापेस्तांच्या पुलाखालून जाते ना. आई-बाबा किंवा सासू-सासरे बरोबर असतील तर एकाच लेव्हलवर सगळं असलेली बोट बघा, पायऱ्या कमी पाहिजेत. बो थ्रस्टर, म्हणजे पुढचं नाक डावी-उजवीकडे ढकलणारी मोटर, असलेली बोट घ्या. सायकली दोन तरी घ्याच, गावात ब्रेड आणायला, बाजार करायला, पुढचं लॉक उघडं आहे का बघायला, सगळ्याला सायकल लागते.

व्हिसा शेंगेनचा, फ्रान्सचाच करायचा, मुंबई-पुण्यात व्हीएफएस या अर्ज घेणाऱ्या कंपनीकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटची मारामारी असते म्हणून लवकर करा. फी ९० युरो, वर व्हीएफएसचे चार्जेस, आणि ३० हजार युरोंचं मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्स. राहण्याचा पुरावा म्हणून बोटीचं बुकिंग लावायचं, त्यावर सगळ्यांची नावं येतील असं कंपनीला सांगा, आणि आधीच्या-नंतरच्या रात्रींची हॉटेलं जोडा म्हणजे एकही रात्र मोकळी दिसत नाही.

पॅरिसहून दक्षिणेला टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान ट्रेन. गार द लियों स्टेशनवरून नार्बोन-बेझियेच्या बाजूला साधारण साडेचार तास, किंवा मोंपार्नासहून तुलूझ आणि तिथून कार्कासॉन तासाभरात. तिकिटं एसएनसीएफ कनेक्ट या फ्रेंच रेल्वेच्या ॲपवर, लवकर काढली तर खूप स्वस्त.

सामान मऊ बॅगेत भरा, कडक सूटकेस बोटीत ठेवायला जागाच नसते. ग्रिप असलेले बूट, दोरीसाठी साधे हातमोजे, टॉर्च, ओडोमॉस (खाडीकडे डास भयंकर), आणि छोटा कुकर. कुकर बोटीवर नसतो आणि गॅसवर आमटी-भात झाला की दिवसाचा थकवा जातो. मसाले, पोहे, डाळी, भाकरवडी नेता येते. पण तूप, पेढे, पनीर, दुधाचं आणि मांसाचं काहीही बाहेरून युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे, आणि ताजा कढीपत्ताही नको, वाळवलेला न्या.

बोट ताब्यात घेताना

बहुतेक ठिकाणी शनिवारी दुपारनंतर देतात. माणूस भराभर इंग्लिशमध्ये सांगत सुटतो कारण मागे अजून चार फॅमिल्या थांबलेल्या असतात. घाई करू द्यायची नाही. एकाने व्हिडिओ काढायचा, एकाने प्रश्न विचारायचे. इंजिनच्या तासांच्या मीटरचा फोटो, आधीच्या ओरखड्यांचे फोटो. पाण्याची टाकी कुठून भरायची, गॅस कुठे बंद होतो, टॉयलेटचा पंप कसा चालतो, हॉर्न कुठे. लोखंडी खुंट्या आणि हातोडा आहे का, दोऱ्या चांगल्या आहेत का, लाइफ जॅकेट सगळ्यांच्या मापाची आहेत का, लहान मुलांची वेगळी मागा.

मग स्टिअरिंग स्वतः हातात घेऊन त्याच्यासमोर थांबवून दाखवा. बोटीला ब्रेक नसतो, थांबायचं म्हणजे रिव्हर्स टाकायचा. चाक फिरवलं की बोट लगेच वळत नाही, दोन-तीन सेकंद जातात, नवीन माणूस घाबरून अजून फिरवतो आणि मग नागमोडी सुरू होते. थोडं फिरवा, थांबा, परत सरळ करा. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग जवळजवळ काम करत नाही. आणि वारा. या भागात वायव्येकडून सेर्स नावाचा वारा सुटतो, बोटीचा तळ सपाट असल्यामुळे ती आडवी सरकते, तेव्हा हळू गेलात तर जास्त सरकाल, जरा स्पीड ठेवून जा आणि वाऱ्याच्या बाजूला थोडं नाक ठेवा. समोरून बोट आली की उजवीकडे राहायचं, प्रवासी बोटी आणि मोठ्या हॉटेल-बोटींना आधी जाऊ द्यायचं.

लॉक, सावकाश समजून घ्या

लॉक म्हणजे दोन दारांमधली पाण्याची खोली. बोट आत येते, मागचं दार बंद होतं, पाणी सोडतात, खोली रिकामी होत होत बोट खाली जाते, पुढचं दार उघडतं. या कालव्यावरची लॉक अंडाकृती आहेत, मधे ११ मीटरच्या आसपास रुंद. सुरुवातीला सरळ भिंतींचं बांधलेलं एक लॉक मातीच्या दाबाने आत कोसळलं, मग रिकेने भिंती बाहेरच्या बाजूला गोल केल्या, म्हणजे कमान आडवी ठेवल्यासारखी, आणि त्या साडेतीनशे वर्षं टिकल्यात. सुंदर आहेत पण बोट बांधायला सरळ भिंतीपेक्षा थोड्या अवघड, कारण गोल भिंतीला बोट मधेच टेकते आणि टोकं मोकळी राहतात. म्हणून दोऱ्या दोन, एक पुढे एक मागे, आणि दोन्हीवर माणूस.

लॉकच्या आधी सिग्नल असतो. लाल म्हणजे थांबा, लाल आणि हिरवा एकत्र म्हणजे तयारी चालू आहे, हिरवा म्हणजे या. तोपर्यंत काठाच्या धक्क्यावर बोट बांधून थांबा, पाण्याच्या मधोमध तरंगत राहू नका. आत जाताना अगदी हळू, आणि लॉकवाल्याला आधी मोठ्याने बोंजूर. हे नुसतं मॅनर्स म्हणून नाही, फ्रान्समध्ये बोंजूर न म्हणता बोलायला सुरुवात केली की समोरचा माणूस तिथेच बंद होतो.

उतरताना पाणी वरच्या लेव्हलला असतं, त्यामुळे काठ बोटीच्या बरोबरीचा, आरामात पाय टाकून उतरता येतं, उडी मारायची नाही. दोरी काठावरच्या लोखंडी खुंटाभोवती फक्त फिरवून टोक परत बोटीवर आणायचं. गाठ मारायची नाही, कधीच नाही, ही या सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. पाणी उतरायला लागलं की दोरी हळूहळू सोडत जायची. गाठ मारलेली असेल तर पाणी खाली जातं आणि बोट दोरीला लटकते. चुकून दोरी अडकलीच तर कापायला सुरी जवळ ठेवा आणि लॉकवाल्याला ओरडून सांगा, तो पाणी बंद करतो.

दुसरा धोका मागे असतो. वरच्या दाराखाली पाण्यात एक दगडी उंबरा असतो, पाणी भरलेलं असताना तो दिसत नाही. बोटीचं मागचं टोक त्यावर राहिलं आणि पाणी उतरलं तर मागचा भाग उंबऱ्यावर अडकतो आणि पुढचा खाली जातो. म्हणून आत आल्यावर पुढे सरकून उभे राहा, मागच्या दोरीवाल्याचं सतत लक्ष मागे पाहिजे.

सीझनमध्ये एका लॉकमध्ये तीन-चार बोटी कोंबतात. मुलांना डेकवर बसवा, हात-पाय बोट आणि भिंतीच्या मधे नाही. बोट भिंतीवर जात असेल तर पायाने ढकलायचा मोह होतो, करू नका, बाजूला लावलेले फुगे त्यासाठीच असतात, ती कित्येक टनांची वस्तू आहे. प्रत्येकाचं काम आधीच वाटून द्या आणि तेच ठेवा: एक स्टिअरिंगवर, एक पुढच्या दोरीवर, एक मागच्या. लॉकच्या आत असताना "अगं ती दोरी घे" सुरू झालं की गोंधळ.

चढायची वेळ आलीच तर एक माणूस लॉकच्या आधीच्या धक्क्यावर उतरवा, तो जिन्याने वर जाईल, खालून दोऱ्या त्याच्याकडे फेकायच्या, आणि पाणी आत घुसतं तेव्हा पुढची दोरी ताणून धरायची.

गावं, उतरत उतरत

बोट घेण्याआधीचं कार्कासॉन. टेकडीवरचा किल्ला, दुहेरी तटबंदी, ५२ बुरूज, एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्युक नावाच्या वास्तुविशारदाने पुन्हा उभा केलेला. दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी दिवे लागल्यावर जा. आणि खालचं शहर सोडू नका, प्लास कार्नोत मंगळवार, गुरुवार, शनिवारी सकाळी बाजार भरतो, शनिवारी तिथूनच आठवड्याची भाजी, चीज, ऑलिव्ह भरून थेट त्रेबला जाता येतं.

त्रेबमधून निघाल्या निघाल्या तीन पायऱ्यांचं लॉक आहे, नवीन माणसाला एकदम धडा. आदल्या संध्याकाळी चालत जाऊन दुसऱ्यांच्या बोटी कशा जातात ते बघून या, पन्नास व्हिडिओंपेक्षा जास्त कळतं. त्रेब ते आर्जां ३४ किलोमीटरमध्ये वीसेक पायऱ्या आहेत, यांना तीन दिवस द्या. वाटेत एग्वीच्या लॉकवर लॉकवाल्याने भंगारातून आणि लाकडातून केलेली शिल्पं काठावर मांडलेली आहेत, मुलं तिथून निघायला तयार होत नाहीत.

ओंप्स हे पूर्वीचं वाइनचं बंदर. शनिवारी निघालात तर सोमवारी संध्याकाळी इथे पोचता आणि मंगळवारी सकाळी तीन किलोमीटरवरच्या ओलोंझाकला आठवड्याचा बाजार असतो, सायकलने जा. हा बाजार माझ्या मते या अख्ख्या मार्गावरचा सगळ्यात चांगला, पीच, टोमॅटो, ताजा लसूण, मध, सगळं आसपासच्या शेतकऱ्यांचं. दुपारी जवळच्या जुआर तलावात पोहायला जा, कालव्यात पोहायला बंदी आहे आणि पाणीही तसं नाही. टॅक्सी मिळाली तर मिनर्वला जाऊन या, दरीच्या टोकावरचं चिमुकलं गाव, जिथे १२१० मध्ये वेढ्यानंतर आपली श्रद्धा सोडायला नकार देणाऱ्या १४० च्या आसपास कॅथार लोकांना (चर्चने पाखंडी ठरवलेला ख्रिश्चन पंथ) जिवंत जाळलं. आज तिथे इतकी शांतता आहे की ते खरं वाटत नाही.

आर्जांचं लॉक झालं की मजा आहे, इथून पुढे ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. कालवा डोंगराच्या कडेकडेने वळणं घेत एकाच लेव्हलवर जातो, सगळीकडे द्राक्षमळे, मुलांच्या हातात स्टिअरिंग द्यायचं असेल तर शेजारी बसून इथेच. पाराझाजवळ रेप्युद्र ओढ्यावरून कालवाच पुलावरून जातो, १६७६ मध्ये पुरा झालेला, बोटीत बसून खाली नदी बघायची म्हणजे काय ते इथे कळतं.

ल सोमाय हे माझं सगळ्यात आवडतं. एक दगडी कमानीचा पूल, चॅपल, जुनी धर्मशाळेसारखी खानावळ, आणि जुन्या पुस्तकांचं एक प्रचंड दुकान, बस. पूर्वी तुलूझहून समुद्राकडे घोड्यांनी ओढलेल्या प्रवासी बोटी चार दिवस घ्यायच्या, त्यातला एक मुक्काम इथे असायचा. अमेरिकेचे थॉमस जेफरसन १७८७ मध्ये याच कालव्यातून गेले होते, आपली घोडागाडी बोटीवर चढवून, आणि कंटाळा आला की काठाने चालत. काठाला बोट लावून इथे दोन रात्री राहिलात तरी हरकत नाही.

इथून जवळच नार्बोनकडे जाणारा फाटा आहे. दहा दिवस असतील तर जरूर वळा, शहरात शिरताना बोट चक्क घरांच्या खालून जाते, पुलावरच घरं बांधलेली आहेत. नाहीतर टॅक्सीने दिवसभर जाऊन या, तिथली झाकलेली मंडई रोज सकाळी उघडी असते आणि शेजारचं कॅथेड्रल कधी पूर्णच झालं नाही, उंची बघून मान दुखते.

कापेस्तांच्या पुलाआधी डेकवरचं छत, छत्र्या, खुर्च्या सगळं खाली, सगळ्यांनी बसायचं, बोट बरोबर कमानीच्या मध्यावर. मग मालपासचा बोगदा, दीडशे-पावणेदोनशे मीटरचा, १६७९ मधला, बोटींसाठी खोदलेला जगातला पहिला बोगदा मानतात. ठिसूळ टेकडी, वरून दबाव की काम थांबवा, आणि रिकेने तरी खोदून घेतला. बोगद्याच्या आसपास बोट बांधून टेकडीवर एन्सेरूनला चढा. वरून मोंतादीचं तळं दिसतं, म्हणजे तळं नाहीच आता, तेराव्या शतकात पाणी काढून शेती केली, आणि चर सगळे मध्याकडे जातात म्हणून वरून सूर्यासारखे किरण दिसतात.

त्यानंतर फोंसरान. डोंगरउतारावर एकाखाली एक पायऱ्या, २१ मीटरच्या वर उतार, आणि समोर बेझियेचं कॅथेड्रल. इथे चढायच्या आणि उतरायच्या वेळा वेगळ्या ठरलेल्या असतात, तुमची वेळ चुकली तर अर्धा दिवस गेला. आदल्या दिवशी वेळा बघा आणि तासभर आधी जाऊन रांगेत लागा. बघ्यांची गर्दी असते, लक्ष दोरीवर ठेवा. खाली उतरल्यावर ऑर्ब नदीवरच्या मोठ्या जलसेतूवरून बोट जाते, तो नंतरचा, १८५८ चा. बेझियेत वर चढून गेलात की मधल्या मोठ्या रस्त्यावर रिकेचा पुतळा आहे, आठवडाभर त्याच्या पाण्यावर राहिल्यावर तिथे दोन मिनिटं थांबावंसं वाटतंच.

शेवटचा टप्पा सपाट आणि खारट वाऱ्याचा. पोर्ट कासाफिएरपासून समुद्र सायकलने दहा-पंधरा मिनिटं. आणखी पुढे आग्दचं गोल लॉक आणि तो नावाच्या त्या खाडीतले कालव (ऑयस्टर) आहेत, पण खाडी ओलांडायला वारा आणि कंपनीची परवानगी दोन्ही लागतात, एका आठवड्यात त्याच्या मागे लागू नका.

रोजचं राहणं

रात्री बंदरात थांबलात तर वीज, पाणी, शॉवर मिळतो, पैसे पडतात. रानात काठाला थांबणं फुकट. तेव्हा खुंट्या जमिनीत तिरक्या ठोका, झाडाला बांधू नका, बंदी आहे, आणि दोरी सायकलवाल्यांच्या रस्त्यावर आडवी येऊ देऊ नका. पाण्याची टाकी दोन-तीन दिवसांनी भरायचीच, रिकामी व्हायची वाट बघू नका.

रविवारी दुपारी आणि सोमवारी छोट्या गावात जवळजवळ सगळं बंद, ब्रेडसुद्धा. शनिवारीच भरून ठेवा. रेस्टॉरंटमध्ये दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सातनंतरच जेवण, चार वाजता भूक लागली तर बोटीवरचे पोहे. शाकाहारी असाल तर इथला प्रसिद्ध कासुले, पांढऱ्या घेवड्याचा, दिसायला उसळीसारखा पण बदक आणि डुकराच्या मांसात शिजवलेला असतो, आधी विचारा. बाजारातून बकरीचं चीज, ऑलिव्ह, टोमॅटो, बगेत घेतलं की शाकाहारी माणसाचं उत्तम भागतं. मांसाहारी असाल तर कासुले खाल्ल्याशिवाय येऊ नका. वाइन घेणाऱ्यांना मिनर्व्वा आणि कोर्बिएरच्या वाइनरी काठावरच सापडतात, पण बोट चालवणाऱ्याने संध्याकाळी बोट बांधल्यावरच.

परत करताना

आदल्या रात्रीच बेसच्या जवळ येऊन थांबा, सकाळी नऊच्या आसपास बोट मागतात आणि तेव्हा लॉकमध्ये अडकलेलं परवडत नाही. भांडी धुवून जागेवर, कचरा बंदरातल्या डब्यात, उरलेलं तेल-मीठ शेजारच्या बोटीला द्या, घेतात आनंदाने. मीटरचा पुन्हा फोटो, सुरुवातीच्या फोटोंबरोबर बोटीला एक चक्कर, आणि डिपॉझिटचा कागद तिथेच सही करून घ्या. टॅक्सी आदल्या दिवशी बेसच्या ऑफिसमधून सांगून ठेवा, बेझिये स्टेशन साधारण अर्ध्या तासावर आहे, पण पॅरिसची ट्रेन दुपारचीच धरा.